सनद मिळेल, पण जपान्यांना वगळून: ऑक्सनार्ड १९०३ आणि सॅम्युएल गॉम्पर्स

१९०३ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनहून कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड या गावी एक पत्र पोहोचले. पाठवणारा सॅम्युएल गॉम्पर्स, अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा अध्यक्ष. त्या काळी अमेरिकेत कामगार पुढारी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे याचाच चेहरा येई. पत्र होते जे. एम. लिझारास याच्या नावे. साखर-बीटच्या शेतांत राबणाऱ्या मेक्सिकन मजुरांचा तो सचिव. महिन्या-दीड महिन्यापूर्वीच संप जिंकून बसलेल्या या मजुरांनी फेडरेशनकडे सनद, म्हणजे त्याची अधिकृत शाखा असल्याची मान्यता, मागितली होती. गॉम्पर्सने ती द्यायची तयारी दाखवली. अट एकच घातली : या संघटनेत चिनी किंवा जपानी माणूस कोणत्याही परिस्थितीत सभासद म्हणून घ्यायचा नाही.

आता गंमत अशी की या संघटनेतले बहुसंख्य सभासद जपानी होते आणि अध्यक्षही जपानीच होता.

गॉम्पर्सच्या विचारांत वंशाबद्दल आणि परदेशातून आलेल्या मजुरांबद्दल जो बदल होत गेला, त्यावर बरेच लिहिले गेले आहे. सुरुवातीचा उदार गॉम्पर्स आणि शेवटचा संकुचित गॉम्पर्स अशी दोन चित्रे शेजारी शेजारी लावली जातात आणि मधला बदल परिस्थितीच्या खात्यावर टाकला जातो. मला ऑक्सनार्डचे प्रकरण महत्त्वाचे वाटते ते यासाठी की इथे परिस्थितीचा हवाला देण्याची सोयच उरत नाही. ते का, हे कळायला आधी बीटच्या शेतात जावे लागेल.

विरळणीचा हंगाम

ऑक्सनार्ड हे व्हेंचुरा परगण्यातले समुद्राजवळचे सपाट, काळ्याभोर जमिनीचे गाव. १८९८ मध्ये तिथे साखर कारखाना उभा राहिला आणि कारखानदार बंधूंचे आडनावच गावाला मिळाले. आपल्याकडे साखर म्हणजे ऊस, तिकडे जमिनीखाली वाढणारे पांढरे बीट. पण मजुरीची तऱ्हा बीड-अहमदनगरकडच्या वाचकाला फारशी परकी वाटणार नाही. बीटचे बी दाट पेरतात. रोपे वर आली की आखूड दांड्याची कुदळी घेऊन, कमरेत वाकून, ओळीओळीने विरळणी करायची. ती ठरावीक आठवड्यांत झाली नाही तर पीक हातचे जाते. शेतकरी स्वतः मजूर शोधत बसत नसे. तो एकरी दर ठरवून ठेका देई आणि ठेकेदार टोळी घेऊन येई. सुरुवातीला हे ठेकेदार बहुतेक जपानी होते, टोळीतलेच किंवा टोळीच्या जवळचे.

१९०२ मध्ये गावातल्या बँकवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी, कारखान्याच्या पाठबळावर, स्वतःची ठेका कंपनी काढली. नाव वेस्टर्न अ‍ॅग्रिकल्चरल कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी. बघता बघता परिसरातले बहुतेक सगळे ठेके तिच्या हातात गेले. जुन्या जपानी ठेकेदाराला काम हवे असेल तर त्याने तिचा पोटठेकेदार व्हायचे. म्हणजे एका मुकादमाच्या डोक्यावर दुसरा मुकादम, आणि दोघांचे कमिशन मजुराच्या घामातून. विरळणीचा एकरी दर पाच डॉलर किंवा त्याहून वर होता, तो पावणेचारपर्यंत खाली आला. मजुरीही रोख मिळेना. चिठ्ठ्या मिळत, आणि त्या ठरलेल्या दुकानांतच चालत. तिथले भाव काय असणार ते सांगायला नको.

११ फेब्रुवारी १९०३ रोजी सुमारे पाचशे जपानी आणि दोनशे मेक्सिकन मजूर एकत्र जमले आणि त्यांनी जपानी-मेक्सिकन लेबर असोसिएशन स्थापन केली. अध्यक्ष कोसाबुरो बाबा, जपानी शाखेचा सचिव यामागुची, मेक्सिकन शाखेचा लिझारास. पुढाऱ्यांत ठेकेदारही होते, हे लपवायचे कारण नाही. कंपनीने त्यांचेही पोट मारले होते. सभा जपानीत आणि स्पॅनिशमध्ये चालत, मधला दुवा इंग्रजीचा. एकमेकांची भाषा न येणारी ही माणसे दिवसभर वाकून काम करून रात्री दुभाष्यामार्फत दराचा हिशेब मांडत होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सभासद बाराशेच्या घरात गेले. बीटच्या शेतात काम करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माणसे संघटनेत आली होती.

मागण्या सरळ होत्या. मधली कंपनी हटवा, शेतकऱ्यांशी थेट करार करू द्या, दर पूर्वीसारखा करा, कोणत्या दुकानात माल घ्यायचा ते आमचे आम्ही ठरवू. संपासाठी वेळही नेमकी निवडली होती, कारण रोपे उगवून आली होती आणि विरळणी थांबणार नव्हती. कंपनीने बाहेरून माणसे आणून पाहिली, तेव्हा संपवाल्यांनी त्यांनाच गाठून आपल्या बाजूला वळवले. मग कंपनीच्या आशीर्वादाने एक प्रतिसंघटनाही निघाली. (मालकाच्या खिशातली युनियन हा प्रकार मुंबईच्या गिरण्यांनी शोधला असे ज्यांना वाटते, त्यांनी तारीख पाहावी.) २३ मार्चला गावातल्या चायनाटाउनमध्ये या गोष्टी हातघाईवर आल्या आणि गोळीबार झाला. लुईस वास्केझ हा मेक्सिकन मजूर ठार झाला, दोन मेक्सिकन आणि दोन जपानी जखमी झाले. ज्या शेतकऱ्यावर संशय होता त्याला मृत्यूच्या चौकशीत दोषमुक्त ठरवण्यात आले.

३० मार्चला तडजोड झाली आणि तीत संपवाल्यांची सरशी झाली. कंपनीने एका मोठ्या शेताचा अपवाद सोडून आपले ठेके सोडले. एकरी दर पाच डॉलर, काही ठिकाणी सहापर्यंत ठरला. म्हणजे पूर्वीचा दर परत आला, क्वचित वरचढही.

या संपाच्या काळात लॉस एंजेलिसच्या कामगार मंडळाने फ्रेड व्हीलर आणि जॉन मरे या दोन समाजवादी कार्यकर्त्यांना ऑक्सनार्डला पाठवले होते. त्या मंडळाने नंतर केलेला ठराव वाचला की क्षणभर आश्चर्य वाटते. आशियाई मजुरांची आयात नको हे पालुपद त्यात आहेच, पण जे इथे आले आहेत त्यांना वंश न पाहता संघटित करणे हाच इथल्या कामगाराचे राहणीमान राखण्याचा मार्ग आहे, असेही त्यात म्हटले आहे. फेडरेशनशी जोडलेल्या गोऱ्या कामगारांचे, तेही चिनीद्वेषाने पेटलेल्या कॅलिफोर्नियातले, हे मंडळ. वॉशिंग्टनला बसलेल्या अध्यक्षापेक्षा शेतापासून साठ मैलांवर राहणाऱ्यांना वास्तव जास्त दिसत होते.

जूनमधले उत्तर

लिझारासने ८ जूनला गॉम्पर्सला उत्तर पाठवले. कामगार चळवळीच्या इतिहासात एवढ्या कमी शब्दांत एवढे स्वच्छ बोलणारी पत्रे फार नाहीत. त्याचा आशय असा : योग्य मजुरीसाठी एकत्र यायला हवे हे सर्वांत आधी ओळखले ते इथल्या आमच्या जपानी भावांनी. आम्ही त्यांच्यासोबत खलबते केली, लढलो, अर्धपोटी दिवस काढले, शेतात राबलो आणि ते आमच्याशी नेहमी चांगलेच वागले. त्यांना जे मिळत नाही ते आम्ही स्वतःसाठी घेतले तर आम्ही त्यांच्याशी, स्वतःशी आणि संघटनेच्या तत्त्वाशीच बेइमानी करू. वंशद्वेष पुसून टाकणारी आणि आमच्या सोबत्यांना आमच्या बरोबरीचे मानणारी सनद असेल तर द्या, दुसरी कोणतीही आम्ही घेणार नाही.

सनद आली नाही. काही वर्षांतच संघटना विरून गेली. फिरत्या मजुरांची संघटना तशीही टिकवणे अवघड असते, हंगाम संपला की टोळी पुढच्या गावी जाते. त्यात मागे देशव्यापी संघाचे बळ नाही, निधी नाही. सनद मिळाली असती तर ती नक्की टिकली असती असे मी म्हणणार नाही. पण ती नाकारल्यावर टिकण्याची आशा फारशी उरली नाही, एवढे खरे.

सिगारवाल्याचा पोर

गॉम्पर्स स्वतः स्थलांतरित. जन्म १८५० चा, लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब ज्यू वस्तीत. आई-बाप मूळचे हॉलंडचे. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोर कामाला लागले, पुढे बापाच्या सिगार वळण्याच्या धंद्यात आले. १८६३ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. त्या प्रवासाला मदत झाली ती लंडनच्या सिगार कामगारांच्या संघटनेच्या निधीची. इंग्लंडात हात जास्त झाले, मजुरी पडू लागली, म्हणून काही सभासदांना परदेशी धाडायचे अशी ती योजना होती. म्हणजे जो माणूस पुढे म्हणणार होता की परदेशातून येणारे हात आमची मजुरी पाडतात, तो स्वतः अशाच हातांपैकी एक म्हणून बोटीत बसला होता. हा विरोधाभास दाखवून टाळी घेणे सोपे आहे. त्याच्या हिशेबात मात्र यात विसंगती नव्हती. संघटना आपल्या सभासदांची मजुरी राखण्यासाठी असते, हे त्याने लहानपणी पाहिले आणि जन्मभर तेच केले. सभासद कोण, हा प्रश्न तेवढा मोकळा राहिला.

१८८६ च्या डिसेंबरमध्ये फेडरेशन स्थापन झाले आणि तो अध्यक्ष झाला. १८९५ हे एक वर्ष वगळता मरेपर्यंत त्या खुर्चीवर होता. सुरुवातीची वर्षे वाचताना हा वेगळाच माणूस वाटतो. गोऱ्यांपुरतेच सभासदत्व असा नियम असलेल्या यंत्र-कारागिरांच्या, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या संघटनेला त्याने फेडरेशनमध्ये घ्यायचे नाकारले आणि तिला स्पर्धक म्हणून दुसरी संघटनाही उभी करायला लावली. जॉर्ज नॉर्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याला फेडरेशनचा संघटक नेमले.

१८९२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लीन्सला सार्वत्रिक संप झाला. बंदरातल्या तीन संघटनांनी एकत्र बंड केले होते. वजनकाट्यावरचे आणि माल बांधणारे यांत गोरे जास्त, गाडीवान बहुतेक काळे. व्यापारी मंडळाने नेहमीचा डाव टाकला : गोऱ्यांशी करार करतो, काळ्या गाडीवानांशी करणार नाही. गोऱ्या संघटना फुटल्या नाहीत. सुमारे पंचवीस हजार कामगार चार दिवस काम बंद ठेवून बाहेर राहिले. कामाचे तास आणि जादा कामाचे पैसे या मागण्या बऱ्याच अंशी पदरात पडल्या. गॉम्पर्स हरखून गेला. काळ्या माणसाविरुद्ध एवढे पूर्वग्रह असताना गोऱ्या कामगारांनी आपल्या काळ्या सोबत्यांसाठी पोटावर पाय आणून घ्यायची तयारी दाखवली, असे उदाहरण जगाच्या इतिहासात नाही, असे त्याने कौतुकाने लिहिले.

मग झाले काय?

१८९५ मध्ये त्या यंत्र-कारागिरांच्या संघटनेने आपल्या घटनेतला 'गोरे' हा शब्द काढला आणि फेडरेशनने तिला सनद दिली. शब्द घटनेतून गेला आणि दीक्षाविधीत जाऊन बसला. नवा सभासद घेताना जी शपथ-प्रक्रिया होई तिच्यात रंगाची अट शाबूत राहिली. गॉम्पर्सला हे ठाऊक होते. पण रेल्वे आणि कारखान्यांतले हजारो कुशल कारागीर बाहेर ठेवून फेडरेशन चालवायचे कसे, हा त्याच्यापुढचा सवाल होता. फेडरेशन म्हणजे स्वायत्त धंदेवार संघटनांची मोट. कोणाला सभासद करायचे हे ज्या-त्या संघटनेने ठरवायचे. अध्यक्ष फार तर समजूत घालणार. १९०० मध्ये फेडरेशनने पुढची पायरी उतरली : काळ्या कामगारांच्या स्थानिक संघटनांना वेगळ्या सनदा देण्याची तरतूद केली. गोऱ्यांनी घेतले नाही तर तुमची वेगळी पंगत.

वेगळी पंगत म्हटले की मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात, जिथे पैसे जास्त मिळत तिथे, प्रवेश नव्हता. धोट्याचे सूत तोंडाने ओढावे लागे, आणि सवर्ण विणकऱ्यांना विटाळ चालत नव्हता. ही बंदी मालकांनी घातलेली नव्हती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संप समितीपुढे नेमका हाच मुद्दा ठेवला होता. खाली बसलेल्याला वर येऊ न देणारा नेहमीच मालक असतो असे नाही.

फेडरेशन झपाट्याने वाढत होते, ही या काळाची दुसरी बाजू. १८९८ मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास असलेले सभासद १९०४ मध्ये सोळा लाखांच्या वर गेले. एवढी भरती होत असताना कोणता पुढारी म्हणेल की आपण चुकतोय? डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताने याच सुमारास काळ्या कारागिरांची पाहणी केली आणि किती तरी राष्ट्रीय संघटनांत एकही काळा सभासद नाही असे दाखवून तो मजकूर गॉम्पर्सकडे अभिप्रायासाठी पाठवला. उत्तर तुसडे आले : तुमचे लिखाण दुरुस्त करत बसण्यापेक्षा मला महत्त्वाची कामे आहेत.

जी सबब ऑक्सनार्डला चालत नाही

गॉम्पर्सची बाजू घेणारे म्हणतात, बिचारा काय करणार? त्याच्या हातात होते काय? संघटना स्वायत्त होत्या. रंगाची अट घालणाऱ्यांना हाकलले असते तर फेडरेशनच मोडले असते आणि मालकवर्गाने टाळ्या पिटल्या असत्या. यंत्र-कारागिरांच्या बाबतीत हा युक्तिवाद मला अर्धामुर्धा पटतो. सोळा लाखांची मोट बांधून ठेवणाऱ्याच्या जागी बसल्यावर तत्त्वे किती ताठ राहतील, हे बाहेरून सांगणे सोपे असते.

पण ऑक्सनार्डच्या मजुरांवर कोणत्याही धंदेवार संघटनेचा हक्क नव्हता. शेतमजुरांची राष्ट्रीय संघटनाच नव्हती. अशा सुट्या स्थानिक संघटनांना फेडरेशन थेट आपल्या कार्यालयातून सनद देत असे आणि ती द्यायची की नाही हे गॉम्पर्स आणि त्याचे कार्यकारी मंडळ ठरवत असे. इथे कोणाची स्वायत्तता दुखावणार नव्हती, कोणती बलाढ्य संघटना फुटून निघणार नव्हती. गोऱ्या सभासदाने जपान्याशेजारी बसायला नकार दिल्याचा प्रश्न नव्हता, कारण गोरे सभासदच नव्हते. मेक्सिकन बसायला तयार होते, नव्हे, ते बसलेच होते. लॉस एंजेलिसचे मंडळ पाठीशी होते. अट घालायला कोणीही भाग पाडले नव्हते. ती गॉम्पर्सची स्वतःची होती.

दुसरी सबब आर्थिक. आशियाई मजूर कमी पैशांत राबतो, त्याच्या गरजा कमी, म्हणून तो गोऱ्याचे राहणीमान पाडतो. फेडरेशनने १९०२ च्या सुमारास चिनी बंदीच्या, म्हणजे चिनी मजुरांना देशात येऊ न देण्याच्या, समर्थनार्थ एक पुस्तिका काढली होती. तिच्या नावातच मांस विरुद्ध भात असा सामना लावला होता : मांस खाणारा अमेरिकन मर्द आणि भात खाणारा आशियाई कुली, जगेल कोण? (वरण-भातावर वाढलेल्यांनी हे शांतपणे वाचावे.) ऑक्सनार्डला भात खाणाऱ्यांनी काय केले? पावणेचार डॉलरचा दर पाचवर नेला. मजुरी पाडणारे निघाले ते गावातले बँकवाले. आर्थिक युक्तिवाद मनापासून असता तर हा निकाल पाहून गॉम्पर्सने निदान विचारपूस केली असती. त्याने नियम तेवढा सांगितला.

म्हणून 'बदलत गेलेले विचार' हा शब्दप्रयोग मला जपून वापरावासा वाटतो. काळ्या कामगारांबाबत त्याचा बदल खरा आहे आणि पायरीपायरीने झालेला दिसतो. युरोपातून येणाऱ्यांबाबतही तो हळूहळू कडक झाला : १८९७ मध्ये फेडरेशनने साक्षरतेच्या अटीला पाठिंबा दिला, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला देशात घेऊ नका. पण चिन्यांच्या बाबतीत तो बदललाच नाही, कारण तिथे उदार गॉम्पर्स कधी नव्हताच. सिगारच्या धंद्यात तो लहानाचा मोठा झाला, आणि त्याच धंद्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोऱ्या कामगारांनी १८७० च्या दशकात पेट्यांवर 'गोऱ्या हातांनी बनवलेली' अशी पट्टी लावायला सुरुवात केली होती. युनियनचे लेबल म्हणून पुढे जगभर मिरवलेली गोष्ट अमेरिकेत जन्मली ती अशी. समानतेच्या त्याच्या भाषेला पहिल्यापासून एक दार बंद होते. पुढे बाकीची दारे त्याच बिजागरीवर बंद होत गेली. १९०५ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे तो म्हणाला की गोरे लोक आपले राहणीमान निग्रो, चिनी, जपानी किंवा आणखी कोणाच्या हातून उद्ध्वस्त होऊ देणार नाहीत. न्यू ऑर्लीन्सच्या गाडीवानांचे कौतुक करणारा तेरा वर्षांत काळ्यांना चिन्यांच्या ओळीत बसवून मोकळा झाला होता.

दुसरी वाट नव्हतीच असेही नाही. फेडरेशनमधलीच खाणकामगारांची संघटना पहिल्या दिवसापासून काळ्या सभासदांना घेत होती, कारण खाणीत संप करायचा तर खाणीत उतरणारा प्रत्येक जण बरोबर हवा. १९०७ मध्ये वायोमिंगच्या कोळसा खाणींत याच संघटनेने जपानी कामगारांनाही सभासद करून घेतले. तिथले गोरे खाणकामगार काही संत नव्हते. जपान्यांना बाहेर ठेवून करार पदरात पडणार नाही, हा हिशेब त्यांनी केला होता. गॉम्पर्ससारखेच तेही व्यवहारी होते, पण त्यांचा व्यवहार खाणीच्या तोंडाशी ठरत होता.

दार बंद होत गेले तेव्हा

१९०७ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना, बहुतेक पंजाबी शिखांना, खोल्यांतून खेचून गावाबाहेर हाकलले. आशियाई बंदीची चळवळ आता हिंदी माणसावर आली होती आणि कामगार संघटना तिच्यात पुढे होत्या. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानसह आशियाचा मोठा पट्टा बंद केला आणि फेडरेशनला वीस वर्षे हवी असलेली साक्षरतेची अटही त्याच कायद्यात आली. राष्ट्राध्यक्ष विल्सनचा नकाराधिकार काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, फेटाळला होता.

त्याच वर्षी जुलैच्या आरंभी ईस्ट सेंट लुईसमध्ये काळ्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. अधिकृत आकड्यानुसार ३९ काळे मेले, प्रत्यक्षात अधिक. त्या आधी तिथल्या संघटनांनी दक्षिणेतून येणाऱ्या काळ्या मजुरांविरुद्ध वातावरण तापवले होते. चार दिवसांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने या कत्तलीचा निषेध केला, तेव्हा गॉम्पर्सने उठून दोष मालकांवर टाकला : त्यांनीच काळ्यांना तिथे आणवले. मालकांनी आणवले हे खोटे नव्हते. पण समोर प्रेतांचा विषय चालू असताना हाच मुद्दा आधी सुचावा, यात चौदा वर्षांपूर्वीच्या पत्राचाच माणूस दिसतो. रूझवेल्टसारखा, जो कामगारांचा काही मोठा कैवारी नव्हता, तो त्या व्यासपीठावर अधिक माणूस वाटला.

दोन वर्षांनी पॅरिसच्या शांतता परिषदेत आंतरराष्ट्रीय कामगार कायद्याच्या आयोगाचे अध्यक्षपद गॉम्पर्सकडे आले. त्यातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्मली. श्रम ही केवळ विक्रीची वस्तू नाही, हे तत्त्व व्हर्सायच्या तहात आले. देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या सर्व कामगारांना न्याय्य आर्थिक वागणूक मिळावी, असेही त्याच यादीत आहे. कायदेशीरपणे हा शब्द तिथे पहारा देत उभा आहे. संघटनेची पहिली परिषद १९१९ च्या ऑक्टोबरअखेर भरली ती वॉशिंग्टनमध्ये, फेडरेशनच्या मुख्यालयाच्याच शहरात, आणि हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे बसले होते आपले ना. म. जोशी, परळच्या चाळींत सोशल सर्व्हिस लीगचे काम करणारे. त्या परिषदेने कामाचे तास आठवड्याला ४८ ठरवले, हिंदुस्थानसाठी मात्र ६०. जोशी मुंबईला परतले आणि पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, आयटक ही देशव्यापी कामगार संघटना उभी करणाऱ्यांत होते. ज्या देशात ते प्रतिनिधी म्हणून सन्मानाने बसले, तिथे गिरगावातला एखादा मजूर म्हणून उतरले असते तर १९१७ च्या कायद्याने त्यांना बंदरावरूनच परत पाठवले असते.

काळ्या कामगारांच्या बाबतीत पुढे काय झाले ते थोडक्यात. ए. फिलिप रँडॉल्फने १९२५ मध्ये रेल्वेच्या शयनगाड्यांतल्या काळ्या सेवकांची संघटना काढली. तिला फेडरेशनची पूर्ण सनद १९३५ मध्ये मिळाली, गॉम्पर्सला जाऊन अकरा वर्षे झाल्यावर. बीटच्या आणि द्राक्षांच्या शेतांना संघटना मिळायला आणखी तीस वर्षे गेली. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोला फिलिपिनो द्राक्षमजुरांनी संप पुकारला आणि आठवडाभराने मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना सामील झाली. त्या वेळी ऑक्सनार्डची आठवण किती जणांना होती कोण जाणे.

जॉन मरे, ज्याने १९०३ मध्ये ऑक्सनार्डला जाऊन जपानी-मेक्सिकन मजुरांसोबत दिवस काढले होते, तो पुढे गॉम्पर्सचाच सहकारी झाला. १९१८ मध्ये लारेडो इथे अमेरिका आणि मेक्सिकोच्या कामगार संघटनांचे मिळून पॅन-अमेरिकन फेडरेशन स्थापन झाले, त्यात त्याचा मोठा हात होता. मेक्सिकन कामगार मेक्सिकोत असेतोवर गॉम्पर्सला बंधू म्हणून चालत होता.

याच पॅन-अमेरिकन फेडरेशनच्या अधिवेशनासाठी १९२४ च्या डिसेंबरमध्ये पंचाहत्तरीला टेकलेला, दृष्टी गेलेला गॉम्पर्स मेक्सिको सिटीत होता. त्याच वर्षी मे महिन्यात काँग्रेसने युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा बसवणारा आणि जपान्यांना पुरते बंद करणारा कायदा केला होता, फेडरेशनच्या पाठिंब्याने. बाप आणि आई हॉलंडचे, जन्म लंडनचा, अशा तेरा वर्षांच्या पोरालाही त्या कायद्याखाली आता रांगेत उभे राहावे लागले असते. मेक्सिको सिटीत त्याची प्रकृती ढासळली. मरण आलेच तर अमेरिकेच्या भूमीवर यावे म्हणून सोबत्यांनी त्याला गाडीत घातले आणि उत्तरेकडे निघाले. गाडी सीमा ओलांडून टेक्सासमध्ये शिरली. सीमेवरचे गस्ती दल तेव्हा सहा महिन्यांचे होते. १३ डिसेंबरला सॅन अँटोनियोत तो गेला.